निळ्या टोपणाची नळी परत आणा: सातारा जिल्ह्यातल्या आरोग्य खात्याच्या साहेबांना, डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यांना खुलं पत्र

मा. साहेब, डॉक्टर मंडळी आणि मेडिकल दुकानदार बंधू,

सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात राहते, दुष्काळी पट्ट्यात. लहानपणी सारखा घसा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे, घरच्यांना वाटायचं वाढीचं वय आहे, पण तो संधिवाताचा ताप होता आणि त्यानं हृदयाची डावीकडची झडप खाल्ली. पहिल्या बाळंतपणात दम लागायला लागला तेव्हा कळलं. पुढं पुण्याला ऑपरेशन होऊन मेकॅनिकल झडप बसली, महात्मा फुले योजनेतनं, कुणी एक रुपया मागितला नाही, आणि त्याबद्दल मी सरकारचे, डॉक्टरांचे उपकार जन्मभर विसरणार नाही हे आधीच सांगते. कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटायला नको की ही बाई नुसती नावं ठेवायला बसलीय.

पत्र लिहायचं कारण म्हणजे निळ्या टोपणाच्या रक्ताच्या नळ्या संपल्या आणि आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबच्या दारावर एक कागद चिकटला. त्यावर स्केचपेननं लिहिलंय, "पीटी-आयएनआर तपासणी पुढील सूचनेपर्यंत बंद. साताऱ्यास जाणे." खाली सही नाही, तारीख नाही. उन्हाळ्यात लावलेला कागद आहे, आता गणपती होऊन गेले, कागदाचे कोपरे वळले, पुढची सूचना काही आली नाही.

हे पत्र फक्त साहेबांनी वाचून फाईलला लावावं म्हणून लिहीत नाहीये, गावातल्या माणसांनीपण वाचावं म्हणून लिहितेय, म्हणून ही टेस्ट काय असते ते थोडं सांगते. मेकॅनिकल झडप बसली की तिच्यावर रक्ताची गुठळी धरायची भीती कायम असते. गुठळी सुटून मेंदूत गेली तर लकवा, झडपेतच अडकली तर माणूस तासाभरातसुद्धा जाऊ शकतो. म्हणून आम्हाला जन्मभर रक्त पातळ करायची गोळी असते, बहुतेकांना ॲसिट्रोम, काहींना वॉरफरिन. आपलं लिव्हर व्हिटॅमिन के वापरून रक्त गोठवायला लागणारे चार घटक बनवतं, २, ७, ९ आणि १० नंबरचे, ही गोळी नेमकी तिथं आडवी येते. म्हणजे हिमोफिलियासारखा रक्त न थांबायचा आजार काहींना जन्मापासून असतो, आम्हाला तो औषधानं आलेला आहे, जीव वाचावा म्हणून डॉक्टरांनीच ठरवून दिलेला आहे. आणि तो किती द्यायचा याचं माप म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरनं काढलेला आकडा.

धडधाकट माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. माझ्यासारख्या मायट्रल, म्हणजे त्या डावीकडच्या झडपेवाल्याचा २.५ ते ३.५ मध्ये ठेवायचा असतो. पायात गुठळी झालेल्यांचा किंवा ठोके अनियमित पडतात अशांचा २ ते ३ मध्ये. त्याच्या खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव, आणि ४-५ च्या वर गेला की धोका झपाट्यानं वाढत जातो. आता कुणी म्हणेल एकदा डोस ठरला की झालं, तर तसं नसतं. तोच माणूस, तीच गोळी, तोच डोस, पण मेथी-पालक-शेपू जास्त खाण्यात आला तर आकडा खाली, ताप येऊन चार दिवस जेवण गेलं नाही तर आकडा वर, चातुर्मासात उपास धरले की वेगळाच, दुसरं कुठलं औषध चालू झालं की अजून वेगळा. माझ्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे त्याच्या प्रत्येक चौकटीत एकादशी-चतुर्थीच्या खाली मी पेन्सिलीनं डोस लिहिते, सोम-बुध-शुक्र २, बाकीचे दिवस ३, आणि महिन्याच्या टेस्टनंतर तो खोडून नवा. पेन्सिल त्यासाठीच. गेले कित्येक महिने खोडायची वेळच आली नाही, कारण टेस्टच नाही.

हे औषध किती तोलून द्यायचं असतं ते कळावं म्हणून त्याची मूळ कथा सांगते, आम्हा शेतकऱ्यांना ती लगेच समजेल. १९२० च्या दशकात अमेरिका-कॅनडात बुरसटलेला चारा खाऊन गाई मरायला लागल्या, शिंगं कापली की रक्त थांबायचंच नाही, आतल्या आत रक्त वाहून जनावर जायचं. विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक नावाच्या शास्त्रज्ञानं त्या चाऱ्यातलं द्रव्य शोधून काढलं, त्यावरनं पुढं वॉरफरिन बनलं, ते १९४८ ला आधी उंदीर मारायला बाजारात आलं आणि १९५४ पासून माणसांना द्यायला लागले. माप बरोबर असेल तर त्याच्यासारखं औषध नाही, लाखो लोक त्याच्यावर जगताहेत, मी जगतेय. पण मापच काढून घेतलं तर मग आम्ही काय खातोय ते तुम्हीच सांगा.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी ती नळीची. आयएनआरचं रक्त साध्या बाटलीत चालत नाही. त्याला निळ्या टोपणाची नळी लागते, तिच्यात सोडियम सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, नळीवर रेघ असते तिथपर्यंतच भरायची. कमी भरली तर आकडा खोटाच वर येतो. नळी बरोबर भरली की सॅम्पल चोवीस तासांच्या आत मशीनवर लागलं म्हणजे झालं. आमच्याकडे आधी हेच व्हायचं, सकाळी रक्त द्यायचं, दुपारच्या गाडीनं सॅम्पल साताऱ्याला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट. मशीन तालुक्याला नव्हतंच कधी, त्याची कुणी तक्रारपण केली नाही. फक्त नळी होती आणि तेवढ्यावर आमचं सगळं चाललं होतं. मग नळ्या यायच्या बंद झाल्या. लॅबमधल्या ताई चांगल्या आहेत, त्या म्हणाल्या, "मागणी कितींदा टाकली ओ, लाल टोपणाच्या येत्यात, जांभळ्या येत्यात, निळ्याच येईनात, मी काय करू." त्यांच्यावर माझा राग नाही. मागणी ज्यांच्या टेबलावर पडून आहे त्यांना विचारतेय.

साताऱ्याला जा म्हणणं सोपं आहे. पहाटेची एसटी पकडायची, बायकांना २०२३ पासून अर्ध्या तिकिटात प्रवास आहे ते बरंच झालं, पण सोबत नवरा नाहीतर मुलगा लागतोच, त्याचं फुल तिकीट, त्याचा रोज बुडाला, माझा बुडाला. रक्त देऊन रिपोर्टला संध्याकाळ, शेवटची गाडी गेली तर मुक्काम कुणाकडे करायचा. आणि रिपोर्ट हातात आला तरी डोस कोण सांगणार, तर त्याला आणखी एक दिवस, आणखी एक नंबर. हे दर महिन्याला ज्याला परवडेल तो पेशंट आमच्या भागात मला तरी दिसला नाही. मग काय होतं, लोक टेस्ट सोडतात आणि गोळी चालू ठेवतात. काहीजण घाबरून गोळीच सोडतात. शेजारच्या गावातल्या एका भाऊंनी असंच केलं, झडप बसवून तीनेक वर्षं झाली होती, आता तब्येत छान आहे म्हणाले, एका सकाळी चहाचा कप हातातनं पडला, तोंड वाकडं झालं, आता उजवा हात उचलत नाही. पोरगी दहावीला आहे त्यांची. नळी नव्हती म्हणून हे झालं असं मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, पण टेस्ट तालुक्याला होत होती तोवर ते दर महिन्याला येत होते, माझ्याच शेजारी बाकड्यावर बसायचे, एवढं मी सांगू शकते.

दुसरं म्हणजे बीटी-सीटी. नळी नाही म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी सांगतात, "बीटी-सीटी करून देतो, तेच असतं ते." डॉक्टर मंडळी, तेच नसतं, आणि हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. बीटी म्हणजे टोचल्यावर रक्त किती वेळात थांबतं, ते मुख्यतः प्लेटलेटचं, म्हणजे जखम बुजवणाऱ्या रक्तातल्या बारीक कणांचं काम, आमची गोळी प्लेटलेटला हातच लावत नाही, त्यामुळे आयएनआर भरपूर चढलेला असला तरी बीटी नॉर्मल येऊ शकतो. सीटी म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, पण ती इतकी ढोबळ की तिच्यावरनं डोस ठरवणं म्हणजे डोळे झाकून गाडी चालवणं. पण पेशंटला काय कळतंय, त्याच्या हातात "नॉर्मल" लिहिलेला कागद पडतो, तो निवांत घरी जातो. टेस्ट नाही तर नाही म्हणा, पण चुकीची टेस्ट करून नॉर्मलचा कागद देऊ नका, ते जास्त घातक आहे.

तिसरं, दुसऱ्या आजारावर लिहिलेली औषधं. हे माझ्यावरच बेतलं म्हणून जरा सविस्तर सांगते. गेल्या पावसाळ्यात जुलाब लागले. एका दवाखान्यात गेले, गेल्या गेल्या फाईल टेबलावर ठेवली आणि म्हणाले, डॉक्टर, मला ॲसिट्रोम चालू आहे, झडप बसवलेली आहे. बाहेर रांग लागलेली, डॉक्टर तरुण, फाईल न उघडताच म्हणाले, "ताई, जुलाबाच्या साध्या गोळ्या आहेत." त्यात मेट्रोनिडॅझोल होतं. चार-पाच दिवसांनी दात घासताना हिरड्यातनं रक्त यायला लागलं, मंडईतल्या पेरूचं बी लागलं असेल म्हणून सोडून दिलं घरच्यांनी. मग संध्याकाळी भाकरी थापत होते आणि परातीत पीठ लाल झालं. आधी कळेना कुठनं आलं. नाकातनं येत होतं. मान वर करून बसले, नाक दाबलं, ओला फडका ठेवला, थांबेना, पोरगी रडायला लागली. रात्री गाडी करून साताऱ्याला नेलं, आयएनआर ८ च्या वर होता, लॅबवाल्यानं खात्री करायला दुसऱ्यांदा लावून बघितला. तिथल्या डॉक्टरांनी ॲसिट्रोम थांबवली, व्हिटॅमिन के अगदी कमी डोसमध्ये दिलं, आणि जुलाबाच्या गोळ्यांची पट्टी बघून म्हणाले, ही तुमच्या गोळीसोबत चालत नाही, तिनं ॲसिट्रोम शरीरात साठून राहते. मी वाचले कारण रक्त नाकातनं आलं, दिसलं. तेच डोक्यात झालं असतं तर परातीत काही दिसलं नसतं.

मेट्रोनिडॅझोल एकटी नाही. लघवीच्या इन्फेक्शनला देतात ती कोट्रायमोक्साझोल, बुरशीला देतात ती फ्लुकोनॅझोल, हे सगळे आयएनआर चढवतात. टीबीच्या कोर्समधली रिफॅम्पिसिन उलटं करते, आकडा खाली ओढते, मग गुठळीची भीती. ही औषधं द्यायचीच नाहीत असं मी म्हणत नाही, कधीकधी द्यावीच लागतात, पण मग तीन-चार दिवसांत आयएनआर बघायला पाहिजे ना? आणि बघणार कुठं? फिरून पुन्हा त्या निळ्या नळीपाशीच येतो आपण.

चौथं, कमरेतलं इंजेक्शन. आमच्याकडे कंबर दुखली, अंग दुखलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन हा रिवाज झालाय, पेशंटच मागतो, दिलं नाही तर डॉक्टर बदलतो, हे मला मान्य आहे. पण रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाला स्नायूत इंजेक्शन म्हणजे आत रक्त साठून मोठी गाठ होऊ शकते, आणि डायक्लोफिनॅक वरनं पोटाच्या अस्तराला जखम करतं, म्हणजे दोन्हीकडनं मार. काळी डांबरासारखी संडास झाली की लोक म्हणतात उष्णता झाली, ताक पितात. ते पोटातलं रक्त असतं हे सांगणारं कुणी नसतं.

मेडिकलवाल्या बंधूंना पण सांगायचंय. तुम्ही आमचे रोजचे, उधारीवरसुद्धा गोळी देता, तुमच्याशी भांडण नाही. पण ॲसिट्रोम १ ची असते, २ ची असते, ३ ची असते, ४ ची असते, पट्ट्या सारख्या दिसतात. "दोनची संपली, चारची घेऊन जा, अर्धी करा" हे तुम्ही ज्या म्हातारीला सांगता तिला घरी गेल्यावर अर्धीचं लक्षात राहत नाही. तिचा डोस दुप्पट झाला आणि तिला माहीतही नाही. कॉम्बिफ्लाम, डायक्लो, ॲस्पिरिन असलं काही चिठ्ठीशिवाय मागायला आलं तर एकच प्रश्न विचारा, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का घरात. एवढाच प्रश्न. दुखायला लागलं तर पॅरासिटामॉल थोडी चालते, तीपण रोज भरमसाठ नाही.

दातांच्या डॉक्टरांचं थोडक्यात सांगते. एकतर म्हणतात गोळी आठ दिवस बंद करून या, नाहीतर म्हणतात आम्ही हात लावणार नाही, पुण्याला जा. आयएनआर मर्यादेत असेल तर साधा दात गोळी चालू ठेवून काढता येतो, टाके घालून आणि ट्रानेक्सामिक ॲसिडचा बोळा लावून रक्त थांबवतात. मनानं गोळी बंद करायला सांगून झडपेत गुठळी झाली तर त्याला जबाबदार कोण? पण त्या डॉक्टरांना तरी कसं विचारू, त्यांनाही दात काढायच्या आदल्या दिवशीचा आयएनआर हवा असतो आणि तो तालुक्याला मिळत नाही.

आता जे बोलायला बायका लाजतात ते. या गोळीवर पाळीत इतकं जातं की काहीजणी दोन-दोन दिवस अंथरुणावरनं उठत नाहीत, रक्त कमी होऊन पांढऱ्या फटक पडतात, आणि घरात सांगतात अशक्तपणा आहे. आशाताई लोहाच्या गोळ्या देतात, कुणी विचारत नाही की बाई तुझी झडप बसवलीय का. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दिवस राहिले तर काय. ही गोळी पहिल्या तीन महिन्यांत बाळाला व्यंग करू शकते, म्हणून दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठरवायला लागतं, काहींना मधल्या काळात हेपॅरिनच्या, म्हणजे रक्त पातळ करायच्या दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनवर ठेवतात. आमच्या भागातल्या एका मुलीला हे तिसरा महिना संपल्यावर कळलं. तिच्या घरच्यांची परवानगी नाही म्हणून पुढचं लिहीत नाही. एवढंच म्हणते की लग्न झालेल्या प्रत्येक झडपवाल्या पोरीला हे कुणीतरी वेळेवर सांगायला पाहिजे होतं, आणि ते काम नातेवाइकांचं नाही, खात्याचं आहे.

आणि अपघात विभाग. आमच्या गल्लीतले एक आबा, सत्तरी ओलांडलेले, ठोके अनियमित म्हणून वॉरफरिन चालू. गाडीवरनं घसरले, डोक्याला खोक पडली, एका दवाखान्यात टाके घालून टीटी देऊन घरी पाठवलं, कुठली गोळी चालू आहे ते कुणी विचारलं नाही. दुसऱ्या रात्री उलट्या, मग झापड, कराडला नेईपर्यंत मेंदूत रक्त साठलेलं होतं. आबा गेले. रक्त पातळ करायच्या गोळीवर असलेल्या माणसाच्या डोक्याला मार लागला तर तो कितीही ठीक बोलत असला तरी सीटी स्कॅनला पाठवायचं असतं, हे अपघात विभागाच्या भिंतीवर लिहिलेलं असायला पाहिजे. व्हिटॅमिन केचं इंजेक्शन तर प्रत्येक बाळंतपणाच्या खोलीत आहे, जन्मलेल्या बाळाला तेच देतात, म्हणजे औषध दवाखान्यात आहे, पण आबांसारखा पेशंट आला तर ते किती द्यायचं, झडपवाल्याला जास्त दिलं तर झडपेत गुठळी होईल म्हणून किती जपून द्यायचं, प्लाझ्मा कुठनं आणायचा, कुठल्या रक्तपेढीला फोन करायचा, याचा एक कागद तिथं नाही.

मला काही जणांनी सांगितलं की आता नव्या गोळ्या आल्यात, त्यांना टेस्ट लागत नाही, त्या घ्या. ठोक्यांचा त्रास असलेल्या किंवा पायात गुठळी झालेल्या बऱ्याच पेशंटना त्या चालतात, ज्यांना परवडतात त्यांनी डॉक्टरांना विचारून घ्याव्यात. पण मेकॅनिकल झडपेला चालत नाहीत. त्यातली डाबिगाट्रान मेकॅनिकल झडपेवाल्यांना देऊन बघितली होती, गुठळ्या पण जास्त झाल्या आणि रक्तस्राव पण, म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवला, २०१३ ला ते छापून आलं. संधिवाताच्या तापानं झडप आकसलेली असून ठोके बिघडलेत अशा पेशंटमध्येसुद्धा २०२२ च्या मोठ्या अभ्यासात आमची जुनी गोळीच सरस ठरली. म्हणजे गरिबाच्या पोराला घसा दुखून जो आजार होतो त्याला अजून तरी हीच गोळी आणि हीच टेस्ट. डब्ल्यूएचओनं २०१८ ला अत्यावश्यक तपासण्यांची पहिली यादी काढली त्यात पीटी-आयएनआर आहे. आम्ही काही जगावेगळं मागत नाही.

आणि साहेब, ही नळी फक्त आम्हा झडपवाल्यांसाठी नाही. उसात घोणस चावली की तिच्या विषानं रक्त गोठायचं बंद होतं, त्या पेशंटचं बघायला ती लागते (साप चावल्यावर रक्त वीस मिनिटं ठेवून गोठतंय का ते बघतात, त्या टेस्टला साधी काचेची नळी लागते, तीपण कोरडी आणि स्वच्छ, ती तरी जागेवर आहे का ते एकदा बघा). दारूनं लिव्हर गेलेल्याचं रक्त गोठत नाही, त्याला लागते. बाळंतपणात वार आधीच सुटून रक्त वाहायला लागलं तर त्या बाईच्या अंगातले गोठायचे घटकच संपून जातात, तिथं तर मिनिटा-मिनिटाचा प्रश्न असतो. जन्मजात हिमोफिलियाच्या पेशंटना सरकारी केंद्रात फॅक्टर, म्हणजे कमी असलेला गोठायचा घटक, मोफत मिळतो, ते मिळायलाच पाहिजे, त्यांनी त्यासाठी संघटना करून झगडा केलाय. आमची संघटना नाही, आमची यादीसुद्धा कुणाकडे नाही. जिल्ह्यात किती जणांना ही गोळी चालू आहे असं विचारलं तर उत्तर देणारा माणूस सापडणार नाही.

म्हणून मागण्या लिहिते, त्या अवघड नाहीत.

निळ्या टोपणाच्या नळ्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात एका महिन्याच्या आत पोचवा आणि संपायच्या आत पुढच्या यायला पाहिजेत अशी सोय करा. सॅम्पल साताऱ्याला न्यायची गाडी होती ती पुन्हा चालू करा. टेस्ट बंद ठेवायचीच वेळ आली तर कागदावर तारीख, कारण, अधिकाऱ्याचं नाव आणि कधी चालू होणार ते लिहा. बोटाच्या टोकाच्या एका थेंबावर आयएनआर सांगणारं छोटं मशीन येतं, ते तालुक्याला एक द्या, पट्ट्यांसकट द्या, नुसतं मशीन देऊन पट्ट्या नाहीत असं करू नका. आठवड्यातला एक वार ठरवा, त्या दिवशी आम्ही सगळे रक्त देऊ, आणि जिल्ह्याच्या फिजिशियननी फोनवरनं त्याच दिवशी डोस सांगावा, तो फाईलवर लिहून शिक्का मारून द्यावा.

केसपेपरवर लाल शिक्का पाहिजे, "रक्त पातळ करणारी गोळी चालू", म्हणजे फाईल उघडायला वेळ नसला तरी शिक्का दिसेल. अपघात विभागात भिंतीवर तो कागद लावा, वर सांगितला तो. आशाताईंकडून गावोगाव यादी करून घ्या, त्यात लग्न झालेल्या आणि लग्नाच्या वयाच्या मुलींची वेगळी खूण करा आणि त्यांच्याशी बाई डॉक्टरनं बोलावं. खाजगी डॉक्टर, दातांचे डॉक्टर आणि मेडिकलवाले यांची एक बैठक बोलवा, चहा-नाश्त्याचा खर्च आम्ही पेशंट करू, पण बोलवा. बीटी-सीटीच्या कागदावर "ही तपासणी आयएनआरऐवजी चालत नाही" असा शिक्का मारायला सांगा.

आणि एक जास्तीचं, जे माझ्यासाठी नाही. शाळेतल्या पोरांचा घसा सारखा धरत असेल, ताप येऊन सांधे सुजत असतील तर शाळेच्या आरोग्य तपासणीत त्यांची हृदयाची तपासणी करा. वेळेत कळलं तर दर तीन-चार आठवड्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन देऊन झडप वाचवता येते. माझ्या वेळी कुणी कान लावून ऐकलं नाही, आताच्या पोरांचं ऐका.

हे पत्र छापून येत्या सोमवारी आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात आवक-जावकला देणार आहे, पोच घेणार आहे, एक प्रत साताऱ्याला रजिस्टर पोस्टानं जाईल. ज्यांच्या घरात ही गोळी चालू आहे त्यांनी सोमवारी सकाळी दहाला दवाखान्याच्या गेटवर यावं, सोबत शेवटचा आयएनआर रिपोर्ट आणावा, तो किती महिन्यांपूर्वीचा आहे ते आपण प्रत्येकानं सहीच्या शेजारी लिहायचंय. घोषणा द्यायच्या नाहीत, कुणाला उलट बोलायचं नाही, लॅबच्या ताईंना तर अजिबात नाही. ज्यांना यायला जमणार नाही त्यांनी रिपोर्टचा फोटो शेजाऱ्याकडे पाठवून द्यावा.

आपली नम्र,
झडप बदललेली एक पेशंट,
सातारा जिल्हा, पूर्व भाग